ओसरत्या पाण्यामागून येणारे फूल : होटनच्या गोल्डनरॉडचे प्रकरण

जानेवारी 2013 मध्ये उत्तर अमेरिकेतील मिशिगन आणि ह्यूरन या सरोवरांचे पाणी 1918 पासून ठेवलेल्या नोंदींतील सर्वांत खालच्या पातळीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून 175.57 मीटरवर गेले. मालवाहू जहाजांना कमी माल भरून निघावे लागत होते, लहान बंदरांतून गाळ उपसण्याची मागणी वाढली होती आणि किनाऱ्यावर घरे असलेल्यांच्या दारासमोर ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, 2020 च्या उन्हाळ्यापर्यंत, तेच पाणी जवळजवळ 1.9 मीटरने वर चढले. उघडा पडलेला पट्टा बुडाला, किनारे ढासळले आणि पूर्वी पाणी कमी म्हणून तक्रार करणारे लोक आता पाणी जास्त म्हणून तक्रार करू लागले. या दोन टोकांच्या मधल्या, कधी पाण्याखाली तर कधी उन्हात असणाऱ्या पट्ट्यात एक लहानसे पिवळे फूल राहते. वनस्पतिशास्त्रात त्याला सॉलिडॅगो होटोनाय म्हणतात आणि तिथल्या लोकांच्या बोलण्यात ते होटनचा गोल्डनरॉड म्हणून येते. माणसाला जी चढउतार आपत्ती वाटते ती या वनस्पतीला जगण्याची अट वाटते, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

गोल्डनरॉड हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा दादरच्या फुलबाजारात गुलछडी आणि जरबेराच्या शेजारी पिवळ्या तुऱ्यांच्या ज्या जुड्या 'गोल्डन रॉड' म्हणून विकल्या जातात आणि पुष्पगुच्छात मोकळी जागा भरायला वापरल्या जातात, त्या याच सॉलिडॅगो प्रजातीच्या. ही सारी मंडळी सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणजे पावसाळा सरताना सह्याद्रीचे उतार पिवळे करणाऱ्या आपल्या सोनकीचीही दूरची भावंडे. या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उत्तर अमेरिकेच्या आहेत. त्यांच्यातील काहींनी, विशेषतः कॅनडा गोल्डनरॉडने, युरोपात आणि चीनमध्ये इतकी मुसंडी मारली आहे की तिथे त्यांना उपद्रवी तण मानून उपटावे लागते. म्हणून एकाच प्रजातीतील एक जात दोन खंडांत पसरलेली आणि दुसरी दोन सरोवरांच्या काठावर अडकलेली, असे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. झाड दुबळे आहे म्हणून ते दुर्मिळ झाले, हे उत्तर या ठिकाणी पुरत नाही.

मिशिगन आणि ह्यूरन ही नकाशावर दोन सरोवरे दिसतात, पण मॅकिनॅकच्या सामुद्रधुनीत ती एकमेकांना मिळालेली आहेत आणि त्यांचे पाणी एकाच पातळीला राहते, त्यामुळे जलशास्त्राच्या दृष्टीने ते एकच सरोवर आहे. या सामुद्रधुनीवर 1957 मध्ये वाहतुकीस खुला झालेला मॅकिनॅक पूल मिशिगन राज्याचे दोन भूभाग जोडतो. होटनच्या गोल्डनरॉडचे जगातील बहुतेक सर्व ताटवे या पुलाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या उत्तरेकडील किनाऱ्यांवर आहेत. त्याखेरीज काही ठिकाणे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, मॅनिटुलिन बेटावर आणि ब्रूस द्वीपकल्पावर आहेत. या सगळ्या जागांना जोडणारा धागा खडकाचा आहे. नायगारा कडा या नावाने ओळखली जाणारी चुनखडीची आणि डोलोमाइटची लांबलचक कड मिशिगन सरोवराच्या उत्तरेकडून वळसा घेत मॅनिटुलिन आणि ब्रूसवरून थेट नायगारा धबधब्यापर्यंत जाते. या खडकाच्या चुऱ्याने तिथली वाळू आणि तिथले पाणी चुनायुक्त झाले आहे आणि आपल्या गोल्डनरॉडला नेमके तेच लागते.

किनाऱ्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. हिमयुगाचा बर्फ वितळून मागे हटल्यानंतर इथली जमीन, जणू पाठीवरचे ओझे उतरल्यासारखी, हळूहळू वर उचलली जात आहे आणि ही क्रिया आजही चालू आहे. दुसरीकडे सरोवराची पातळी काही वर्षे चढते, काही वर्षे उतरते. या दोहोंच्या मिळून होणाऱ्या परिणामाने अनेक उपसागरांच्या काठी वाळूचे बांध एकामागे एक, नांगरलेल्या शेतातील सऱ्या-वरंब्यांसारखे, समांतर तयार झाले आहेत. दोन बांध तयार होण्यात साधारण 30 वर्षांचे अंतर असते, असे भूशास्त्रज्ञांनी मोजले आहे. बांधांच्या मधल्या सऱ्यांमध्ये भूजल अगदी वर येते आणि तिथे उथळ, चुनखडीयुक्त, पोषकद्रव्यांनी गरीब अशी दलदल बनते. तिथले पाणी सरोवराच्या पाण्याशी वाळूतून जोडलेले असते, त्यामुळे सरोवर चढले की सरी भरते आणि सरोवर ओसरले की सरीचा तळ उघडा पडतो.

अशा सरीत उभे राहिले तर सह्याद्रीच्या माणसाला काही ओळखीचे चेहरे दिसतील. चिकट थेंबांनी किडे पकडणारी दवबिंदू नावाची वनस्पती तिथे आहे आणि पाण्याखालच्या पिशव्यांनी सूक्ष्म जीव गिळणारी यूट्रिक्युलारियाही आहे, जिच्या एका जांभळ्या बहिणीला आपण कासच्या पठारावर सीतेची आसवे म्हणतो. जमिनीत नत्र आणि स्फुरद इतके कमी असते की वनस्पतींना किड्यांवर गुजराण करावी लागते. साम्य जागेच्या कंगालपणात आहे, कारण अशा जागी भरभर वाढणाऱ्या दांडग्या वनस्पतींना पाय रोवता येत नाहीत आणि म्हणून हळू वाढणाऱ्या, कमी खाणाऱ्या जातींना जागा मिळते. मॅनिटुलिनवर हाच गोल्डनरॉड 'आल्व्हार' म्हटल्या जाणाऱ्या, चुनखडीच्या सपाट खडकावर जेमतेम मातीचा थर असलेल्या माळांवरही वाढतो. आपल्याकडील जांभ्याच्या कातळसड्यांशी त्यांचा खडक जुळत नाही, पण पावसात तळी साचणे आणि उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणे हा क्रम मात्र जुळतो.

वनस्पती म्हणून होटनचा गोल्डनरॉड दिसायला साधा आहे. उंची साधारण 20 ते 75 सेंटिमीटर, पाने गुळगुळीत, अरुंद, जास्तीत जास्त वीतभर लांबीची. बाजारातल्या गोल्डन रॉडला पिसासारखा झुकलेला तुरा असतो, तसा याला नसतो. याची फुले देठाच्या टोकाशी एका सपाट पातळीत, छत्रीसारखी पसरतात आणि प्रत्येक पुष्पमस्तक इतर गोल्डनरॉडच्या मानाने मोठे असते. फुलण्याचा काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्याच किनाऱ्यावर राहणाऱ्या ओहायो गोल्डनरॉडशी त्याची गल्लत सहज होते. फुलांच्या देठांवर बारीक लव आहे की नाही हे भिंगाने पाहिल्यावरच फरक कळतो. लव असेल तर तो होटनचा. ज्या वनस्पतीच्या नावाने कायदेशीर बंधने लागू होतात, तिची ओळख अशा भिंगातून दिसणाऱ्या लवेवर अवलंबून असणे हे सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी मोठ्या जबाबदारीचे काम आहे.

ही वनस्पती विज्ञानाला माहीत झाली ती 1839 मध्ये. मिशिगन राज्याचा पहिला भूशास्त्रज्ञ डग्लस होटन याच्या नेतृत्वाखालील सर्वेक्षण पथकाने मिशिगन सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर तिचे नमुने गोळा केले आणि पुढे जॉन टॉरी आणि आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केलेल्या नामकरणात तिला होटनचे नाव मिळाले. होटन स्वतः 1845 च्या ऑक्टोबरमध्ये सुपीरियर सरोवरातील वादळात बुडून मरण पावला. तेव्हा त्याचे वय छत्तीस होते.

तिच्या उत्पत्तीची कथा मात्र थोडे थांबून पाहण्याजोगी आहे. सॉलिडॅगो प्रजातीत गुणसूत्रांचा मूळ संच नऊचा असतो आणि साध्या जातींमध्ये त्यांची एकूण संख्या 18 असते. होटनच्या गोल्डनरॉडमध्ये ती 54 आहे, म्हणजे सहा संच. म्हणून दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आणि नंतर गुणसूत्रे वाढून ही जात निर्माण झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या किनाऱ्यावर ती राहते ती जमीन बर्फाखालून बाहेर येऊनच काही हजार वर्षे झाली आहेत, हे लक्षात घेतले तर आपण एका तरुण जातीकडे पाहत आहोत असे म्हणता येईल. मिशिगनच्याच क्रॉफर्ड परगण्यात, किनाऱ्यापासून दूर वाढणारी एक वसाहत बराच काळ याच जातीत गणली जात होती. तिच्यात 72 गुणसूत्रे असल्याचे आणि इतरही फरक असल्याचे दिसल्यावर 2010 मध्ये तिला सॉलिडॅगो व्हॉसाय असे वेगळे नाव देण्यात आले. म्हणजे जी जात आपण वाचवत आहोत तिची सीमारेषाही अजून पूर्ण आखून झालेली नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. अमेरिकेच्या संघीय शासनाने 18 जुलै 1988 रोजी ही वनस्पती 'थ्रेटन्ड' या वर्गात, म्हणजे नजीकच्या काळात संकटग्रस्त होऊ शकणाऱ्या जातींच्या यादीत घातली. त्याच दिवशी याच वाळूत वाढणाऱ्या पिचरच्या काटेफुलाचीही नोंद झाली. ऑक्टोबर 1986 मध्ये सरोवराने 177.50 मीटर ही विक्रमी उंची गाठली होती, हे तारखांच्या या ओळीत विसरून चालणार नाही. नोंद झाली तेव्हा किनाऱ्याचा बराचसा भाग नुकताच पाण्याखालून निघत होता. कॅनडात 2005 मध्ये तज्ज्ञ समितीने तिला 'विशेष चिंतेची जात' ठरवले, तेव्हा पाणी सरासरीच्या खाली होते. अशा वनस्पतीची कोणत्याही एका वर्षाची मोजणी ही त्या वर्षीच्या पाण्याची मोजणी असते. एखाद्या सरीत यंदा शंभर रोपे दिसली आणि दहा वर्षांपूर्वी हजार होती, एवढ्यावरून ती नष्ट होत आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. उलट सगळीकडे रोपेच रोपे दिसत आहेत म्हणून निश्चिंत होणेही तितकेच चुकीचे ठरेल.

पाणी चढते तेव्हा सऱ्यांच्या तळातील बहुतेक झाडे बुडून मरतात. त्यांच्याबरोबर त्या सरीत शिरलेली झुडुपे, सीडरची रोपे आणि दाट गवतेही मरतात. काठाच्या किंचित उंच भागावर गोल्डनरॉडची काही झाडे तग धरतात आणि खोडाच्या तळातून नवे फुटवे काढून टिकून राहतात. पाणी ओसरले की खाली स्वच्छ, ओली, सावलीविरहित वाळू उघडी पडते आणि काठावर वाचलेल्या झाडांचे हलके, केसाळ तुरा असलेले बी वाऱ्याने तिथे जाऊन रुजते. आपल्याकडे धरणाचे पाणी हटले की उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. हा गोल्डनरॉड पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आला आहे, फक्त त्याची जमीन वीस-तीस वर्षांतून एकदा मोकळी होते. पाणी कधी चढलेच नाही, तर झुडुपे आणि झाडे सरीत शिरून सावली करतील आणि बीला रुजायला जागा उरणार नाही. पाणी कधी ओसरलेच नाही, तर काठावरची जुनी झाडे एकेक करून संपतील. त्याचे घर एखादा ठरावीक भूखंड नसून पाण्याची हालचाल आहे, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल, पण मला ते अक्षरशः खरे वाटते.

म्हणूनच या प्रकरणातील सर्वांत गंभीर धोका मला फुले खुडणाऱ्यांचा किंवा वाळूत गाड्या घालणाऱ्यांचा वाटत नाही, जरी चाकांनी सऱ्यांचे तळ उद्ध्वस्त होतात हे खरे आहे. सेंट इग्नेसहून पश्चिमेकडे जाणारा महामार्ग क्रमांक 2 तर सरळ या वाळूच्या टेकड्यांमधूनच, पाण्याला खेटून जातो. अशा रस्त्यांमुळे, घरांच्या रांगांमुळे आणि किनारा ढासळू नये म्हणून रचलेल्या दगडांच्या भिंतींमुळे किनारा एका रेषेत गोठवला जातो. पाणी चढल्यावर ज्या उंच काठावर झाडांनी तग धरायचा तिथे आता हिरवळ किंवा डांबर असते, आणि पाणी उतरल्यावर ज्या वाळूत बी रुजायचे ती वाळू घरमालक यंत्राने साफ करून घेतात. 1999 नंतर पाणी दीर्घकाळ खाली राहिले तेव्हा उघड्या किनाऱ्यावर वाढलेल्या वनस्पती कापण्याची आणि किनारा विंचरून काढण्याची मागणी मिशिगनमध्ये जोर धरू लागली, आणि 2012 मध्ये राज्याने अशा साफसफाईवरील परवान्याची अट काढून टाकली. घरमालकांच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. त्यांना पुळण हवी होती, दलदल नको होती. पण ते ज्याला वाढलेले रान समजत होते ती सरोवराच्या काठाची दर पिढीत एकदा येणारी पेरणी होती.

कायद्याचीही इथे एक मर्यादा आहे. अमेरिकेच्या 1973 च्या संकटग्रस्त जाती कायद्यात प्राण्यांना आणि वनस्पतींना समान संरक्षण नाही. संरक्षित प्राण्याला खासगी जमिनीवरही इजा करता येत नाही. वनस्पती मात्र मुख्यतः संघीय जमिनीवर सुरक्षित असते, आणि खासगी जमिनीवर तिचे काय होईल हे बव्हंशी राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहते. हायावाथा राष्ट्रीय वनासारख्या शासकीय जमिनींवर या गोल्डनरॉडचे मोठे ताटवे आहेत हे त्याचे नशीब म्हणायचे. पण पाण्याच्या पातळीला शासकीय आणि खासगी असा भेद नसतो.

2013 च्या नीचांकाच्या सुमारास ही पातळीच बदलू पाहणारा एक मोठा निर्णय विचाराधीन होता. सीमेवरील पाण्याचे वाद सोडवण्यासाठी 1909 च्या करारान्वये स्थापन झालेल्या अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त आयोगाने एप्रिल 2013 मध्ये दोन्ही शासनांना असा सल्ला दिला की सेंट क्लेअर नदीत, जिथून ह्यूरन सरोवराचे पाणी बाहेर पडते, तिथे अडथळे उभारून मिशिगन-ह्यूरनची पातळी 13 ते 25 सेंटिमीटरने वर उचलण्याचे पर्याय तपासावेत. नौकानयनासाठी पूर्वी त्या नदीचा तळ खोल करण्यात आला होता आणि त्यामुळे सरोवराची पातळी कायमची खाली गेली होती, हे लक्षात घेता ही सूचना निराधार नव्हती. पण ती आली ती विक्रमी नीचांकानंतर तीन महिन्यांनी. तसे बांधकाम तेव्हा झाले असते, तर 2020 मध्ये किनारे ढासळत असताना पाण्यावर आणखी काही इंचांची भर पडली असती. ते झाले नाही आणि सरोवर आपल्या गतीने चढले.

पातळी बांधून ठेवली की काय होते हे पाहण्यासाठी शेजारचेच उदाहरण आहे. ऑन्टॅरिओ सरोवराचे पाणी सेंट लॉरेन्स नदीवरील धरणाने 1960 पासून नियंत्रित केले जाऊ लागले आणि चढउतार आखूड झाली. काही दशकांत काठच्या विविध वनस्पतींच्या कुरणांची जागा पाणकणसाच्या एकसुरी, दाट रानाने घेतली. ही चूक ओळखून जानेवारी 2017 पासून चढउताराला थोडी अधिक मोकळीक देणारी नवी योजना लागू झाली, आणि त्याच वसंतात अतिवृष्टीने पूर आला. किनाऱ्यावरील रहिवाशांनी दोष योजनेला दिला, आयोगाने पावसाकडे बोट दाखवले. ज्यांच्या तळघरात पाणी शिरले त्यांच्याशी पाणथळ कुरणांच्या भल्याविषयी बोलणे किती अवघड असते, हे मी कमी लेखू इच्छित नाही. मिशिगन-ह्यूरनच्या पाण्यावर मात्र आजही असे थेट नियंत्रण नाही आणि माझ्या मते होटनचा गोल्डनरॉड आजवर टिकला याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. कुंपणे आणि फलक यांचे काम त्यानंतरचे.

कुंपणावरून आठवते ते कास. तिथे गर्दी रोखायला कुंपण घातल्यावर चराई थांबली, गवत माजले आणि त्याखाली लहान फुले दडपली, असा आक्षेप आपल्याकडील अभ्यासकांनी आणि स्थानिकांनी घेतला होता. जागा वाचवली पण तिला तसे ठेवणारी क्रिया थांबवली, तर काय होते याविषयीचा तो वाद होता. मिशिगनमध्ये ती क्रिया म्हणजे पाणी.

एक नवी अडचण मात्र अशी आहे जिला पाण्याची नैसर्गिक चढउतारही पुरी पडत नाही. 1999 ते 2013 या काळात उघड्या पडलेल्या किनाऱ्यांवर युरोपातून आलेले फ्रॅग्मायटिस, म्हणजे आपल्या बोरूच्या जातीचे, चार मीटरपेक्षाही उंच वाढणारे नळगवत मोठ्या प्रमाणावर पसरले. ते जमिनीखालच्या कांड्यांनी वेगाने सरकते आणि आपल्याखाली दुसरे काही रुजू देत नाही. गाळपेरीची जमीन मोकळी झाली, पण पेरणी करायला दुसराच आधी पोहोचला, अशी ही स्थिती आहे. उत्तरेकडील किनाऱ्यांवर त्याचे लहान पुंजके शोधून, मोठे होण्याआधीच तणनाशकाने मारण्याचे काम शासकीय विभाग आणि स्वयंसेवी गट करत आहेत. या कामात पुन्हा ती भिंगातून दिसणारी लव महत्त्वाची ठरते, कारण औषध मारणाऱ्याच्या पायाजवळचे रोप कोणते हे त्याला ठाऊक असावे लागते.

2020 च्या उच्चांकानंतर पाणी पुन्हा उतरू लागले. बांधांच्या मधल्या सऱ्यांचे तळ परत एकदा उघडे पडू लागले आहेत, काठावर तग धरलेल्या झाडांना ऑगस्ट उलटला की सपाट पिवळे झुबके येतात आणि शरदाच्या वाऱ्यात त्यांचे बी खालच्या ओल्या वाळूकडे जाते. आता किनाऱ्यावर फिरणाऱ्यांनी जी नोंद ठेवायची आहे ती एवढीच की प्रत्येक सरीत पहिल्यांदा कोण उगवले, गोल्डनरॉड की नळगवत, आणि त्या वर्षी सरोवराची पातळी किती होती.